बांधावर सोडलेला कोंबडा: ठेवू, कापू की देऊन टाकू?

तीसगुंठेवाला:
भोर तालुक्यात आमची तीस गुंठे जमीन आहे. सहा गावठी कोंबड्या, एक खुराडं. कोंबडा मुद्दाम ठेवलेला नाही. घरापुरती अंडी हवीत, पिल्लांचा व्याप नको. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी धरायला गेलो, तर बांधावरच्या बाभळीखाली तांबडा कोंबडा. सात-आठ महिन्यांचा असेल, पायाचा काटा अजून हरभऱ्याएवढा. तुऱ्याला शेंदूर, उजव्या पायात काळा दोरा. पलीकडे तिठ्यावर नारळ, टाचण्या टोचलेलं लिंबू आणि भाताचा मुटका. म्हणजे उताराच. मुंग्या लागायच्या आत कोंबड्याने अर्धा मुटका संपवलेला.

सध्या डालग्याखाली झाकलाय. कामाला येणाऱ्या मावशी त्या बाजूला झाडायलाही जाईनात. काय करावं?

रस्सा_आणि_भाकरी:
यात विचारायचं काय? गावठी कोंबडा आठशेच्या खाली मिळत नाही आणि तुझ्या बांधावर चालत आलाय. सात-आठ महिने म्हणजे ऐन वेळ, वर्ष उलटलं की कुकरच्या शिट्ट्या मोजत बसशील. मीठ-हळदीत पीडा उतरते.

मानमोडी_पाहिलेला:
कापणं-ठेवणं नंतर. डालगं खुराड्यापासून किती लांब आहे? निदान पन्नास पावलं ने. आमच्याकडे बाजारातून आणलेल्या एका कोंबडीपायी एकवीस पक्षी गेले. पाचव्या दिवशी हिरवट पातळ शी, सातव्या दिवशी माना पिळवटलेल्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत. लागण झाल्यावर दिसायला बहुधा पाच-सहा दिवस, कधी पंधराही लागतात. त्यामुळे आज टुणटुणीत आहे याला काही अर्थ नाही. तीन आठवडे वेगळा ठेव. दाणापाणी आधी तुझ्या सहांना, मग त्याला, उलट कधीच नाही. चपलाही वेगळ्या. सहांना लासोटा किंवा आरटूबी, या मानमोडीवरच्या लसींपैकी काहीच दिलेलं नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. आणि तो शेंदूर आधी पूस, त्यात शिसं असतं.

रस्सा_आणि_भाकरी:
तीन आठवडे दाणे घालून मग कापायचा? तोवर लळा लागतो. मुलं नाव ठेवतात. मग गेला रस्सा.

तळकोकणातली_काकू:
मेल्यांनो, ताटात काय पडणार याच्या पलीकडे जरा बघा. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण शेजाऱ्यांवर आहे. कुणीतरी घरातलं दुखणं त्या पक्ष्यावर उतरवून सोडलंय. उद्या वाडीत पोर तापलं की बोट तुझ्याकडे. तू बाहेरून येऊन जमीन घेतलेला माणूस, पाण्याच्या पाळीला त्यांच्याच दारात जाणार. लांबच्या बाजारात विकून मोकळा हो.

शंकासुर:
काकू, विश्वास नाही म्हणता आणि वागायचं मात्र विश्वास असल्यासारखं? अशाने तिठ्यावरची लिंबं कधी संपायची? उघड पाळावा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वर्षभर काही झालं नाही की लोकच बघतील. आणि खरं तर सोडणाऱ्यावर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रारच करायला हवी.

तळकोकणातली_काकू:
वर्षभर वाडीत कुणीच आजारी पडणार नाही, असं तू लिहून देतोस का?

कोर्टाच्या_पायरीवर:
शंकासुर, त्या कायद्याच्या अनुसूचीत नरबळी, भूत काढायच्या नावाखाली मारहाण, फसवणूक असल्या गोष्टी आहेत. कोंबडा सोडणं त्यात बसत नाही. लावायचाच तर १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागेल: उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. कोंबड्यापेक्षा दंड स्वस्त. आणि याने तर भात खाल्लेला आहे.

खुराडेवाली:
ठेवायचा विषय निघालाय म्हणून सांगते. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या असाव्यात. सहाच असतील तर पाठीवरची पिसं जातात, एखादी तर पार सोलवटते. पण कोंबडा राखणही करतो. आमचा शिक्रा दिसला की एकच लांब आवाज काढतो, सगळ्या करवंदीच्या जाळीत. अंडी रोज उचलली तर पिल्लांचाही प्रश्न नाही. पहाटे आरवण्याचं मात्र बघा. पहाट म्हणजे साडेतीन.

तीसगुंठेवाला:
डालगं उचलून आंब्याखाली नेलं. शेंदूर खोबरेल तेलाने निघाला, दोरा कापला. दोऱ्याखाली कातडी लाल झालेली. मावशी लांबूनच म्हणाल्या, दोरा जाळू नका, वाहत्या पाण्यात सोडा. सोडला. शंकासुर, ओरडू नका. त्यांना उद्या कामावर यायचंय.

शंकासुर:
ओरडत नाही. पण अशा लहान लहान सवलतींतूनच हे टिकतं, एवढं नोंदवून ठेवतो.

तीसगुंठेवाला:
आज बाविसावा दिवस. शी घट्ट, मान सरळ, खाणं जोरात. सकाळी डालगं उचललं. वाटलं, धावत खुराड्याकडे जाईल. कोंबड्यांकडे ढुंकूनही न बघता बांध उतरला, ओढ्याच्या कडेने थेट वाडीची वाट. मी मागे. तिसऱ्या घराच्या ओट्यावर उडी मारून बसला, रोजचा असल्यासारखा. एक बाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, हातातलं सूप तसंच ठेवलं, आत गेली आणि कडी लावली. हा सुपातले तांदूळ टिपतोय. आतून लहान मुलाच्या खोकल्याचा आवाज येत होता.

काखोटीला मारून परत आणला. विकायचा विचार सोडला, कापायचाही. घर कुणाचं ते मावशींनासुद्धा सांगितलेलं नाही. सध्या दिवसा पायाला सुतळी, रात्री डालग्यावर दगड. पुन्हा त्या दारात जायला नको.

तळकोकणातली_काकू:
सुतळीचा पाय रोज बदल, नाहीतर पुन्हा सोलेल. चार-पाच दिवस खुराड्यात कोंडून दाणे तिथेच टाक. रात्रीची जागा पक्की झाली की वाट विसरतो. आणि खोकल्याचं काय? दवाखान्यात नेलंय का पोराला?

तीसगुंठेवाला:
मावशींकरवी आडून विचारलं. नेलंय म्हणे, मागच्याच आठवड्यात.

रस्सा_आणि_भाकरी:
वजन किती भरलं?

तीसगुंठेवाला:
दोन किलो शंभर. आणि नाही.