सॅन फ्रान्सिस्कोचे केबल कार संग्रहालय: आईवडिलांना न्यावे का?

प्रश्न: आईवडील प्रथमच येथे येत असून बाबा निवृत्त यंत्रअभियंता आहेत. वॉशिंग्टन आणि मेसन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील हे संग्रहालय त्यांना आवडेल का?

उत्तर १: अवश्य न्यावे. प्रवेश विनामूल्य आहे. मुख्य म्हणजे ते चालू यंत्रगृहातच आहे; सज्जात उभे राहिले की विजेच्या मोटरींवर फिरणारी प्रचंड चाके आणि त्यांवरून ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने सरकणारे, शहरातील केबल कार, म्हणजे रस्त्यातील रुळांवर धावणाऱ्या गाड्या, ओढणारे पोलादी दोर समोर दिसतात. गाडीला स्वतःचे इंजिन नसते. चालक लांब तरफ ओढून रस्त्याखालचा दोर चिमट्यात पकडतो, हे बाबांना तेथील चिमटा पाहताच उमगेल.

उत्तर २: तळघरातील खिडकीतून दोर रस्त्याखाली वळताना दिसतात, तेही चुकवू नये. केबल कारचे जनक अँड्र्यू हॅलिडी यांच्या १८७३ सालच्या क्ले स्ट्रीट मार्गावरील ८ क्रमांकाची गाडी माझ्या मते सर्वांत मोलाची. आईंना फ्रीडेल क्लुसमन यांच्याविषयीही जरूर सांगावे, कारण १९४७ साली महापौर या गाड्या बंद करू पाहत असताना त्यांनी महिलांना संघटित करून त्या वाचवल्या.

उत्तर ३: आवाज बराच असतो, श्रवणयंत्र असल्यास आधी कल्पना द्यावी.