गुरूएवढा ग्रह ताऱ्याला इतका चिकटून कसा काय?

धरमपेठकर: भाऊ, एक सांगा. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास 12 वर्षं लागतात, अन् ते 51 पेगासी बी, म्हणजे दुसऱ्या एका ताऱ्याचा गुरूसारखा ग्रह, 4.2 दिवसात चक्कर मारून राहिलं! एवढा मोठा गोळा तिथं पोचला कसा, अन् दिसला कोणाले?

बर्डी_एक्सप्रेस: दिसला नाहीच ना बाप्पा. 1995 मध्ये मेयर अन् क्वेलोझ या खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा रंगपट्टा, मोजला, त्यातल्या रेषा जराशा निळ्याकडे, मग लालकडे सरकायच्या, म्हणजे तारा सेकंदाला 50-60 मीटरनं मागंपुढं हलून राहिला, अन् कोणी ओढल्याशिवाय तो काऊन हलन? तारा स्वतःच फुगत-आकसत असन असंही काही लोक म्हणाले, पण ते टिकलं नाही. 2019 ला दोघांना नोबेल.

महालवाला: तिथंच बनला असन असं वाटत नाही. लांब थंडीत बनला, मग भोवतीच्या वायूच्या चकतीमुळे नाहीतर दुसऱ्या ग्रहाच्या ओढाताणीनं आत सरकला, यावर वाद चालूच आहे. अन् असे ग्रह लै आहेत असं समजू नका, पकडायला सोपे म्हणून आधी सापडले.

धरमपेठकर: आपल्याकडे कोणी शोधते का हे?

बर्डी_एक्सप्रेस: मग! माउंट अबूच्या गुरुशिखरावर पीआरएलची (अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा) 1.2 मीटरची दुर्बीण अन् पारस नावाचा स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे असा रंगपट्टा मोजायचं यंत्र, आहे. 2021 मध्ये टीओआय-1789 बी हा असाच ग्रह त्यांनीच पक्का केला, तो तर सव्वातीन दिवसातच फिरते. आपल्या नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात याच्यावर एखादा शो ठेवाले पाहिजे राव.