यंत्र बालरोगतज्ज्ञांना हरवणार म्हणे!

तिरकस_नाशिककर: काल एकाने ठोकून दिलं की चीनमध्ये संगणकाने रोग ओळखण्यात बालरोगतज्ज्ञांना हरवलं, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी दुकान आवरावं. 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकातला तो २०१९चा शोधनिबंध वाचलात तरी का? ग्वांगझूच्या एकाच रुग्णालयातली ५,६७,४९८ मुलं, १३ लाखांवर भेटींच्या नोंदी. यंत्र नवख्या डॉक्टरांच्या पुढे गेलं, मुरलेल्यांच्या मागेच राहिलं. आणि शिकलं कशावर? डॉक्टरांनीच लिहिलेल्या निदानांवर. ती चुकली असतील तर चुकासुद्धा पाठ!

कोडकरी: ते लिहिणारा मीच. तालुक्याला मुरलेला बालरोगतज्ज्ञ मिळतो कुठे? नवखा मिळाला तरी नशीब. मग नवख्याहून बरं यंत्र का नको?

बालडॉक्टर_सातारा: आधी नोंदी तर धड होऊ द्या. बाळाचं वजन स्वेटर, मनगट्यांसकट होतं, वर आईचा हात काट्यावर टेकलेला. गर्दी असली की मागच्या खेपेचाच आकडा उतरवतात. यंत्राला वाटणार, पोर वाढतच नाही. आमचे डोस वजनावर ठरतात हो!

चिडलेली_आई: मग काट्याशी उभं राहायचं काम कुणाचं? आम्ही गेलो त्या डॉक्टरांनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. लेक विचारते, "काका गेम खेळतायत का?"

बालडॉक्टर_सातारा: ताई, एका सकाळी शंभरेक मुलं तपासून दाखवा, मग बोला.

चिडलेली_आई: फी मोजताना बरा वेळ मिळतो!

अण्णा_मेळघाट: भांडा तुम्ही. इकडे अंगणवाडीताई पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर मुलांची वजनं भरून वैतागल्यात. इंग्रजी ॲप नि रडके फोन म्हणून २०२१ला राज्यभर ताईंनी मोबाईल परत केले होते, आठवतंय? रजिस्टर वेगळं, ॲप वेगळं, आणि मानधन बघा!

कोडकरी: अण्णा, विषय काय, तुम्ही बोलताय काय?

अण्णा_मेळघाट: नोंद भरणारीचं पोट हाच विषय आहे. तुमचं यंत्र तिच्याच आकड्यांवर चरणार ना?

वकीलबाई: परवानगीचं कुणी बोलेल का? लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने १६ लाख रुग्णांच्या नोंदी गूगलच्या डीपमाइंड कंपनीला दिल्या, २०१७ला तिथल्या माहिती आयुक्तांनी कायदा मोडल्याचा ठपका ठेवला. दोन वर्षांच्या पोराच्या नोंदी आज दिल्या, तो मोठा झाल्यावर विमा कंपनीने त्या वापरल्या तर?

कोडकरी: बरं, मुरलेले डॉक्टर यंत्राच्या पुढे, मान्य. त्यांचा काटा मात्र सगळ्यांच्या मागे.

बालडॉक्टर_सातारा: काटा इलेक्ट्रॉनिक आहे माझा!

चिडलेली_आई: मग शून्यावर आणता तरी का कधी?