‘परिस्थितिजन्य जागरूकता’ला मराठीत काय म्हणाल?

दांडियाबाजारवाली
मंडळी, एका शब्दावर अडलेय. आमच्या वाचनालयात मुलांसाठी भिंतीवर लावायचे तक्ते करतोय, विषय आहे पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह, त्यांचे तुकडे आणि त्यांच्यावर दुर्बिणींनी, रडारने लक्ष कसं ठेवतात. मराठी मजकूर माझ्याकडे आहे. स्पेस सिच्युएशनल अवेअरनेस या शब्दाला हिंदी मजकुरात ‘अंतरिक्ष परिस्थितिजन्य जागरूकता’ दिलंय, मी तेच मराठीत ठेवलं आणि रात्री सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते कोर्टात कारकून होते. ते म्हणाले, अगं परिस्थितिजन्य तर पुरावा असतो, ही जागरूकता परिस्थितिजन्य कशी? तेव्हापासून तो शब्द मला वाचवतच नाही. आणि जागरूकता म्हटलं की मला डेंग्यूचे फलक आठवतात. दुसरं काय लिहू? सातवी-आठवीच्या मुलांना वाचून कळलं पाहिजे.

जुनापुराणा
सासऱ्यांचं बरोबर आहे. ‘जन्य’ म्हणजे ‘पासून झालेलं’. परिस्थितीपासून झालेली जागरूकता, म्हणजे उलटाच अर्थ. इथे परिस्थिती‘ची’ जाणीव हवी आहे. ‘अवकाश-परिस्थिती-अभिज्ञान’ लिहा. शुद्ध आहे आणि नेमकं आहे.

गोत्रीरोड
काका अभिज्ञान वाचून सातवीतला मुलगा पुढच्या तक्त्याकडे जाईल हो. सरळ ‘अवकाशावर लक्ष’ लिहा ना ताई. आपण बडोद्यात तर ‘ध्यान ठेव’ म्हणतो, ‘अवकाशध्यान’ पण चालेल :)

पुण्याहून_आलेली
अवकाशध्यान नको!! लग्न होऊन बडोद्याला आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, दुधावर ध्यान ठेव. मी गॅसपाशी उभी राहून विचार करतेय की दुधावर ध्यान म्हणजे नक्की काय करायचं, कारण आमच्याकडे ध्यान एक तर ऋषी करतात नाहीतर अवतार बघून कुणाला तरी म्हणतात, काय ध्यान आहे! गुजरातीत ध्यान राखजे म्हणतात तिथून आलंय ते नंतर कळलं. आता मीही तसंच बोलते आणि पुण्याला गेले की बहीण टोकते. पण तक्त्यावर ध्यान लिहिलं तर बाहेरगावच्या मराठी माणसाला अंतराळात समाधी लावल्यासारखं वाटेल.

जुनापुराणा
बडोद्याच्या मराठीला हसू नये. ‘ध्यान देणे’ जुन्या मराठीतही आहे.

पुण्याहून_आलेली
हसत नाहीये काका, मला आवडतो तो शब्द. म्हणून तर सांगितलं.

विश्वामित्रीकाठ
मी रडारच्या क्षेत्रात नोकरी केली आहे म्हणून आधी वस्तू काय आहे ते सांगतो, मग शब्द ठरवा. लोकांना वाटतं की सगळ्या उपग्रहांची यादी केली की झालं. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियाच्या वर ७८९ किलोमीटरवर इरिडियम ३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा मेलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आपटले, वेग सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त. दोघांचीही नोंद होती. दोघांच्याही कक्षा रोज मोजल्या जात होत्या. गणितात ते एकमेकांपासून निसटून जाताना दिसत होते. म्हणजे माहिती होती, पाळत होती, तरी जे पाहिजे होतं ते नव्हतं. ते जे नव्हतं त्यालाच हा इंग्रजी शब्द आहे. कोण कुठे आहे, ते काय आहे, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत कुणाच्या वाटेत येणार आहे, हे तिन्ही एकदम डोक्यात असणं. स्वयंपाकघरात चार शेगड्यांवर चार भांडी असताना बाईला जे असतं ते.

दांडियाबाजारवाली
त्याला तर आम्ही ‘भान’ म्हणतो.

विश्वामित्रीकाठ
मग तेच लिहा. अवकाशभान.

पुण्याहून_आलेली
वा. वेळेचं भान, परिस्थितीचं भान, हे तर आपण रोज बोलतो. आणि ‘परिस्थितीचं भान’ म्हणजे शब्दाला शब्द तोच झाला की, भाषांतर आहे असं वाटतसुद्धा नाही.

जुनापुराणा
भान मराठीत बहुतेक करून हरपतं, सुटतं किंवा राहत नाही. ज्या शब्दाची ख्याती हरपण्याबद्दल आहे तो सुरक्षेच्या कामाला लावणं मला पटत नाही. शिवाय अवकाशभान म्हटलं तर कवितेसारखं वाटतं, शास्त्राचा शब्द कोरडा असावा.

दांडियाबाजारवाली
काका, भान हरपतं म्हणूनच ते ठेवावं लागतं ना. आणि कोशात बघितलं तर भान हे ‘भा’ धातूवरून, चमकणं, प्रकाशणं, भानू त्यातलाच. विश्वामित्रीकाठ यांनी सांगितलं ते वाचल्यावर मला हे फारच लागू वाटलं, कारण दुर्बिणीला उपग्रह दिसतो तो सूर्याचा उजेड त्याच्यावरून परत येतो म्हणूनच ना? जे भासतं तेवढ्याचंच भान.

विश्वामित्रीकाठ
हो, आणि त्यातून बरंच वाचता येतं. गरगरत असेल तर उजेड ठरावीक वेळाने कमीजास्त होतो, सौर पंखाचा काचेचा पृष्ठभाग सूर्यासमोर आला की क्षणभर लखलखतो. तुकडा एवढासा ठिपका दिसतो, त्याचा आकार दिसतच नाही, फक्त उजेडाचा चढउतार. त्यावरून तो जिवंत आहे की मेला हे सांगायचं. कच्छकडचे पगी वाळूतल्या पावलांवरून उंट कसा चालला, पाठीवर ओझं किती हे सांगायचे, तसंच. म्हणून ट्रॅकिंगला मी ‘माग काढणं’ म्हणतो, मागोवा नाही. मागोवा आता वृत्तपत्रांनी गुळगुळीत केलाय.

गोत्रीरोड
आणि सर्व्हेलन्सला? टेहळणी?

विश्वामित्रीकाठ
टेहळणी उत्तम. पाळत म्हटलं की कुणावर तरी संशय आहे असं वाटतं, तुकड्यावर कसला संशय घ्यायचा.

जुनापुराणा
मग ‘दुर्बीण’ पण बदला आता. दूरदर्शक हा आपला शब्द असताना फारसी कशाला?

गोत्रीरोड
दूरदर्शक म्हटलं की टीव्ही आठवतो काका

जुनापुराणा
सवयीचा प्रश्न आहे. शब्द वापरला की रुळतो.

दांडियाबाजारवाली
काका, दूर + बीन, लांबचं पाहणारी. फारसीत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात. आता यातला ‘दूर’ संस्कृतातही आहे आणि फारसीतही, मग अर्धी दुर्बीण आपली म्हणायची का? आणि विसरू नका आपण कुठे राहतो. सयाजीराव महाराजांच्या काळात १९३१ मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला, त्यात राज्यकारभाराच्या शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारीशेजारी होते, त्यात फारसी आणि उर्दूही. ज्या गावाने असा कोश काढला तिथे दुर्बिणीला परकी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

जुनापुराणा
तो कोश काढला तो कारभार देशी भाषांतून चालावा म्हणून. त्याचा आधार मलाही घेता येतो.

पुण्याहून_आलेली
दोघंही बरोबर आहात, पण सेन्सरला संवेदक लिहिणार का सेन्सर तेवढं सांगा. माझा मुलगा मोबाइलमध्ये दिवसातून दहा वेळा सेन्सर म्हणतो.

दांडियाबाजारवाली
सेन्सर. इथे मी ठाम आहे.

गोत्रीरोड
एक विचारू का, हे आपल्याकडे पण करतात ना? चंद्रपूरला मोठं रडार होतंय असं वाचलं होतं, मामा तिथेच राहतात, त्यांना फोन केला तर म्हणे इथे काही नाही.

विश्वामित्रीकाठ
कारण ते चंद्रपूर आसामातलं :) इस्रोच्या ‘नेत्र’ प्रकल्पाचं रडार आसामच्या चंद्रपूरला आणि दुर्बीण लडाखात हानले इथे, असं ठरलं. बेंगळुरूला २०२२ च्या जुलैत त्यांचं यासाठीचं वेगळं केंद्रही सुरू झालं. पण तुमच्या मामांच्या चंद्रपूरचाही याच्याशी संबंध आहेच. २ एप्रिल २०२२ ला रात्री आकाशातून जळते गोळे जाताना दिसले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली, ती चिनी रॉकेटची. एका चंद्रपुरात पडलं, दुसऱ्या चंद्रपुरातून बघणार.

दांडियाबाजारवाली
‘नेत्र’ का ‘नेत्रा’? मराठी बातम्यांत नेत्रा छापतात.

जुनापुराणा
नेत्र. रोमन लिपीतल्या शेवटच्या अक्षराने योगाचा योगा केला, तसाच हा नेत्रा. इथे तरी माझं ऐका, तक्त्यावर नेत्रच लिहा.

दांडियाबाजारवाली
ऐकलं काका. नेत्र.

भालेजजवळचा
वाचत होतो गप्प, आता राहवत नाही. मी नोकरीनिमित्त आणंदकडे असतो. १२ मे २०२२ ला भालेज, खंभोळज, रामपुरा या गावांत आकाशातून धातूचे गोळे पडले, पुढच्या दिवसांत आपल्या बडोद्याजवळच्या सावली तालुक्यातूनही अशीच बातमी आली. मी भालेजला बघायला गेलो होतो. तिथे लोक त्याला काय म्हणत होते माहितेय, कुणीही कचरा म्हणत नव्हतं. ‘गोळो’ म्हणत होते, आणि एक म्हातारे गृहस्थ ‘भंगार’ म्हणाले. मला तो शब्द फार बरोबर वाटला. कचऱ्याला किंमत नसते, तो टाकतात. भंगार कुणाच्या तरी वस्तूचं असतं, मोडलेलं असतं, आणि वजनावर मोजतात. ताई, तुमच्या तक्त्यावर ‘अवकाश कचरा’ आहे तो बदला.

पुण्याहून_आलेली
पुण्यात महापालिका बांधकामाच्या मोडतोडीला राडारोडा म्हणते. अवकाशातला राडारोडा कसा वाटतो?

विश्वामित्रीकाठ
भंगार चांगलं आहे पण अपुरं. रंगाचे कपचे, गोठलेल्या इंधनाचे थेंब, टक्करीतून उडालेल्या ठिकऱ्या, हे भंगारवाला घेणार नाही. एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे आणि रोज माग काढता येतो तो साधारण दहा सेंटिमीटरहून मोठ्यांचा. मधले जे आहेत त्यांना उपग्रह फोडता येतो आणि आपल्याला ते दिसत नाहीत. त्यांना नाव द्या आधी.

भालेजजवळचा
ठिकऱ्याच म्हणा की. तुम्ही आत्ता म्हणालातच.

गोत्रीरोड
पण इतक्या दुर्बिणी जगभर कशाला लागतात, एक मोठी बांधली तर?

विश्वामित्रीकाठ
खालच्या कक्षेतला उपग्रह उजेडात आणि आपण अंधारात, असं संध्याकाळी अंधार पडल्यावर थोडा वेळ आणि पहाटे थोडा वेळच जमतं. मध्यरात्री बहुतेक वेळा तोही पृथ्वीच्या सावलीत. त्यात ढग. म्हणून एका गावी पहाट संपली की पुढच्या गावी दुर्बीण लागते. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचं वेगळं, ते दिसतात रात्रभर पण एका जागेवरून त्यांचा एक पट्टाच दिसतो, आणि एवढ्या लांब रडारचा परतीचा इशारा फार क्षीण होतो, त्यामुळे तिथे दुर्बिणीच. ढगांची अडचण नको म्हणून काही देशांनी दुर्बीणच वर पाठवली, कॅनडाचा सॅफायर हा असा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटने श्रीहरिकोट्याहून गेला. नेटवर्कला मी ‘साखळी’ म्हणेन, किल्ल्यांची असते तशी.

जुनापुराणा
साखळीतली एक कडी तुटली की साखळी तुटते. इथे एक दुर्बीण बंद पडली तर बाकीच्या चालूच. ‘जाळं’ म्हणा.

पुण्याहून_आलेली
काका आज पहिल्यांदा तुम्ही साधा शब्द सुचवलात.

दांडियाबाजारवाली
जाळं घेते. पण आता ती वेळ, सूर्य मावळलाय आणि उपग्रह अजून उन्हात आहे, तिला काय लिहू? संधिप्रकाश मुलांना जड जातो. माझी आजी दिवेलागण म्हणायची.

भालेजजवळचा
दिवेलागणीला आकाश अजून उजळ असतं, उपग्रह दिसणार नाही. त्यानंतरची वेळ. कातरवेळ?

पुण्याहून_आलेली
कातरवेळ तर दिवेलागणीच्याही आधी! ऊन उतरलं आणि दिवा लावायचा अजून बाकी आहे, जीव कातर होतो ती.

जुनापुराणा
चूक. कातर म्हणजे कात्री. दिवस आणि रात्र जिथे कापली जातात ती वेळ, म्हणजे तिन्हीसांजाच.

पुण्याहून_आलेली
काका, संस्कृतात कातर म्हणजे व्याकूळ, घाबरलेला. कात्रीचा काय संबंध? आमच्या घरी कातरवेळेला कुणी झोपलं तर आई उठवायची, दिवा नंतर लागायचा. हे मी रोज बघितलंय.

भालेजजवळचा
आमच्याकडे जळगावला आधी दिवा, मग कातरवेळ.

दांडियाबाजारवाली
तक्ता शुक्रवारी छापायला जातोय, कुणीतरी आज संध्याकाळी घड्याळ लावून बघा ना, दिवा कधी लागतो आणि पहिला उपग्रह कधी दिसतो.

विश्वामित्रीकाठ
मी गच्चीवर जातो. सुरसागर तळ्याच्या बाजूला दिवे फार, पण उत्तरेकडे जरा अंधार आहे.