हॉस्टेलच्या इंटरनेटची वेगळी फी: वरचा प्लॅन घेऊन उपयोग होईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहते. पुढच्या सत्राची इंटरनेट फी भरायची मुदत जवळ आली आहे आणि कोणता प्लॅन घ्यावा ते ठरत नाहीये. हॉस्टेलच्या नेटवर्कची आतून माहिती असलेल्यांनी, किंवा यातून वाट काढलेल्यांनी, कृपया मार्गदर्शन करा.

आमच्याकडे खोलीभाडं वेगळं आणि इंटरनेट वेगळं. पैसे अख्ख्या सत्राचे आगाऊ भरायचे, मध्येच बंद केलं तर परत काही मिळत नाही. साध्या प्लॅनमध्ये दोन डिव्हाइस आणि २० एमबीपीएस, वरच्या प्लॅनमध्ये पाच डिव्हाइस आणि १०० एमबीपीएस, आणि त्याची फी दुपटीहून जास्त. बाहेरच्या कंपनीचं कनेक्शन खोलीत घ्यायला परवानगी नाही.

सध्या साधा प्लॅन आहे. दिवसा काही तक्रार नाही. रात्री नऊ वाजले की सगळं बसतं. लॉगिनचं पान उघडतं, आयडी-पासवर्ड टाकला की चक्र फिरत राहतं, आत शिरलंच तर थोड्या वेळात पुन्हा बाहेर. रेकॉर्डेड लेक्चरमध्ये सरांचा आवाज पुढे जातो आणि फळा तिथेच अडकून पडतो. असाइनमेंटची मुदत नेमकी रात्री बाराची. मागचं सबमिशन मी तळमजल्यावर अभ्यासिकेच्या बंद दाराशी लॅपटॉप मांडीवर घेऊन केलं, कारण तिथपर्यंत आतलं वायफाय येतं.

ऑफिसात विचारलं तर "वरचा प्लॅन घ्या, स्पीड मिळेल" एवढंच सांगतात. घरून जास्तीचे पैसे मागायचे तर फरक पडणार याची खात्री हवी. आमच्या मजल्यावर साधा प्लॅनसुद्धा न परवडलेल्या मुली आहेत, ऑनलाइन टेस्ट आली की त्या जागा शोधत फिरतात. लेक्चर, नोट्स, परीक्षेचे अर्ज हे सगळं विद्यापीठानेच ऑनलाइन नेलं, आणि तिथपर्यंत पोचायची वाट मात्र वेगळे पैसे मोजून घ्यायची, हे मला अजिबात पटत नाही. पण तो विषय मार्गी लागायला वेळ लागेल आणि फी आत्ता भरायची आहे.

म्हणून विचारते: वरच्या प्लॅनने रात्रीचा त्रास खरंच कमी होतो का? रूममेट म्हणते एकच वरचा प्लॅन घेऊ, स्वतःचा राउटर लावू आणि पैसे अर्धे अर्धे करू. नियमपत्रकात राउटरला मनाई आहे, पण बऱ्याच जणी लावतात. त्यात धोका काय आहे? मोबाइल हॉटस्पॉटवर भागेल का? आणखी एक, माझा फोन पोर्टलवर दोनदा दिसतो, त्यामुळे दोन डिव्हाइसची मर्यादा फोनमध्येच संपते आणि लॅपटॉपला जागा उरत नाही. हे का होतं?

– अबोली

तारवाला:

बरीच वर्षं कॅम्पस नेटवर्कचं काम केलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो. पैसे भरण्याआधी अडचण कुठे आहे ते शोधा. प्लॅनचा वेग म्हणजे तुमच्या खात्यावर लावलेली मर्यादा. मर्यादा २० ची १०० केली म्हणून कॉरिडॉरमधल्या ॲक्सेस पॉइंटची (वायफाय देणाऱ्या खोक्याची) ताकद वाढत नाही. एका ॲक्सेस पॉइंटवर जितके जण जोडलेले असतात ते सगळे एकच हवा वाटून घेतात, कारण एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. त्यातही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. रात्री सगळे खोलीत आले की तिथेच कोंडी होते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल भरपूर, पण भिंतीपलीकडे तो लवकर कमजोर होतो.

चाचणी सोपी आहे. रात्री नेट अडलं की लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ipconfig लिहा, त्यात डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे हॉस्टेलच्या नेटवर्कमधून बाहेर पडण्याच्या दाराचा, पत्ता दिसेल. त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो पत्ता टाका; उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल. उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत येत असेल तर वायफाय ठीक आहे आणि कोंडी पुढे कुठेतरी, म्हणजे विद्यापीठाच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर किंवा लॉगिनच्या सर्व्हरवर. शेकडो मिलिसेकंद लागत असतील, मध्ये मध्ये उत्तरच गळत असेल, तर दोष तुमच्या खोली आणि ॲक्सेस पॉइंटच्या मधला. दोन्ही बाबतींत महागडा प्लॅन फारसं काही करणार नाही. गेटवे पिंगला उत्तरच देत नसेल, दिवसाही, तर ते मुद्दाम बंद ठेवलेलं असू शकतं, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणि १०० हवेत कशाला? फुल एचडी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएसमध्ये चालतो. व्हिडिओ क्लासला त्याहून कमी पुरतो. २० एमबीपीएस खरोखर मिळाले तर एका विद्यार्थ्याला पुरून उरतात.

भिंतीत लॅनचं, म्हणजे केबलने नेट देणारं, सॉकेट आहे का बघा. असेल तर केबल लावा. केबलला हवेतल्या गर्दीशी घेणं-देणं नसतं.

खिडकीपाशी:

फोन दोनदा दिसण्याचं कारण सांगते. पोर्टल डिव्हाइस ओळखतं ते मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकावरून. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खरा मॅक ॲड्रेस न देता प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतो. कुणी मागावर राहू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे, पण हॉस्टेलच्या मोजणीत अडचण करते. वायफाय 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं किंवा सेटिंग बदललं की पत्ता बदलू शकतो आणि पोर्टलला वाटतं नवा फोन आला. फक्त हॉस्टेलच्या नेटवर्कपुरतं बनावट पत्त्याचं ते सेटिंग बंद करा, मग पोर्टलवरून दोन्ही जुन्या नोंदी काढून नव्याने लॉगिन करा. बाकी ठिकाणी ते चालूच राहू द्या.

हॉटस्पॉटचा हिशेबही करून बघा. ५ एमबीपीएसने तासभर व्हिडिओ पाहिला तर सव्वादोन जीबी जातात. रोज दोन लेक्चर धरली तर बहुतेक मोबाइल प्लॅन तग धरणार नाहीत. अडीअडचणीला, मुदत संपताना फाइल चढवायला हॉटस्पॉट उत्तम.

माजी हॉस्टेलकर:

राउटर लावू नका हो. आमच्या मजल्यावर एकाने भिंतीतली केबल राउटरच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून येणाऱ्या केबलची जागा) लॅन पोर्टमध्ये (आपल्या डिव्हाइसची जागा) घातली. राउटर आसपासच्या सगळ्यांना स्वतःच आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांक, वाटायला लागला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खी विंग बंद पडली. मनाई असते ती बरीचशी यामुळे. आणि प्रत्येक खोलीत राउटर लागला की त्या तीन चॅनेलवर अजून कल्लोळ, म्हणजे रात्रीचा त्रास वाढणारच.

दुसरा धोका जास्त गंभीर. खातं तुमच्या नावावर, त्यामुळे त्यावरून रूममेटने किंवा तिच्या पाहुण्याने जे काही डाउनलोड केलं ते नोंदीत तुमच्या नावावर. अर्धे पैसे वाचतील, जबाबदारी अर्धी होणार नाही.

दुसरा मजला:

विद्यार्थी समितीत होतो, फीबद्दल बोलतो. एकट्याने तोंडी विचारलं तर "वरचा प्लॅन घ्या" हेच ऐकू येणार. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि सोबत मोजमापं जोडा: तारीख, वेळ, खोली, पिंगचं उत्तर. "नेट स्लो आहे" या तक्रारीवर कुणी हलत नाही. एका ॲक्सेस पॉइंटवर किती खोल्या आहेत, बंद पडलेल्या दिवसांची फी परत का नाही, सुट्टीत खोली रिकामी असतानाही पैसे का, हे प्रश्न घाला. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी फीमाफी किंवा मदतनिधी आहे का हेही विचारा. तो असतो तिथेही पुष्कळदा कुणी मागत नाही म्हणून पडून राहतो.

तुमचं विद्यापीठ एड्युरोममध्ये आहे का तेही बघा. २००२ च्या सुमारास युरोपात ही कल्पना निघाली आणि आता शंभरहून जास्त देशांत आहे. स्वतःच्या विद्यापीठाच्या आयडीवर सदस्य संस्थांत कुठेही वायफाय मिळतं. हॉस्टेलच्या इमारतीतही ते पोचत असेल तर वेगळी फी कशाची, हे नक्की विचारा.

खिडकीपाशी:

@दुसरा मजला, वेगळी फी कशाची म्हणता, तर ती भाड्यातच धरावी असं मला वाटायचं. पण मग भाडं सगळ्यांचं वाढतं, आणि साधा प्लॅनही न घेऊ शकणाऱ्या मुलींवरच ते पहिल्यांदा येतं. आधी माफीची सोय, मग भाड्यात, हा क्रम हवा.

अबोली:

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचणी केली. दुपारी गेटवेचं उत्तर लगेच येतं, रात्री तेच शेकड्यांत जातं आणि मध्ये मध्ये गळतं. म्हणजे कोंडी कॉरिडॉरमध्येच. कपाटामागे लॅनचं सॉकेट सापडलं, पण लावून पाहिलं तर दिवा लागेना. तक्रार दिल्यावर तंत्रज्ञ आले. पोर्ट वरच्या खोक्यात जोडलेलाच नव्हता, एक छोटी वायर लावून गेले. काल रात्री दहा वाजता पूर्ण लेक्चर एकदाही न अडता पाहिलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! साधाच प्लॅन ठेवते. बाकी मजल्यावरची सॉकेट चालू करा असा अर्ज आज सह्यांना फिरतोय, माफीचा मुद्दाही घातला आहे.

एकच उरलं. रूममेटच्या लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही, तिने यूएसबीचा अडॅप्टर घेतला तर चालेल ना?

तारवाला:

चालेल, वेगात काही कमी पडणार नाही. फक्त अडॅप्टरला स्वतःचा वेगळा मॅक ॲड्रेस असतो, त्यामुळे पोर्टल त्याला नवं डिव्हाइस धरेल. आधी लॅपटॉपच्या वायफायची नोंद काढायला सांगा, मग अडॅप्टर लावून लॉगिन करू दे. अडॅप्टर दुसऱ्या कुणाला वापरायला दिला तर ती नोंद तिच्याच नावावर राहील, तेवढं सांगून ठेवा.