आठवीला बहुपदींचा गुणाकार: चौकट काढायची की सरळ कंस सोडवायचा?

खानापूर_गणित:
आपल्याकडे बऱ्याच वर्गांत द्विपदींचा गुणाकार ‘पहिले-बाहेरचे-आतले-शेवटचे’ या चार शब्दांवर उरकतात. माझं मत आहे की हे पाठांतर बंद करावं आणि आठवीत आधी चौकट शिकवावी, म्हणजे एका कंसातली पदं ओळींना, दुसऱ्यातली रकान्यांना लिहायची आणि प्रत्येक घरात त्यांचा गुणाकार भरायचा. हे चार शब्द दोन पदं गुणिले दोन पदं एवढ्यापुरतेच चालतात. पोरांच्या ते डोक्यात पक्के बसतात आणि पुढं त्रिपदी आली की घात होतो.

(२क्ष − ३)(क्ष² + ४क्ष − ५) घ्या. चार शब्दांवर चालणारं पोर लिहितं: २क्ष³ − १०क्ष − ३क्ष² + १५. मधल्या ४क्ष ला कुणी हातच लावला नाही. ८क्ष² आणि −१२क्ष दोन्ही गायब. चौकटीत दोन ओळी, तीन रकाने, म्हणजे सहा घरं. घर रिकामं राहिलं तर दिसतं. खरं उत्तर २क्ष³ + ५क्ष² − २२क्ष + १५.

दुसरी चूक तर सगळ्यांना माहीत आहे: (अ + ब)² = अ² + ब². त्याला आपला गुंठाच पुरे. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. ३३ चे ३० आणि ३ करा. मोठा चौरस ९००, कोपऱ्यातला बारका चौरस ९. बेरीज ९०९. उरलेले १८० कुठं गेले? ३० बाय ३ च्या दोन पट्ट्या, ९०-९० च्या. तेच २अब. ‘पट्ट्या विसरलास’ एवढं म्हटलं की पोराला चूक कळते, सूत्र पुन्हा घोकायला लागत नाही.

टिळकवाडी_दहावी:
सर, चार शब्द बंद करा याला माझा पाठिंबा. पण त्यांच्या जागी चौकट नको. चौकटीत पोर घरं भरतं. का भरतो ते त्याला सांगता येत नाही. त्यामागं आहे तो वितरण गुणधर्म, तोच सरळ लिहायला लावा:

२क्ष(क्ष² + ४क्ष − ५) − ३(क्ष² + ४क्ष − ५)

एवढी एक ओळ जास्त लिहिली की सहाच्या सहा गुणाकार आपोआप येतात. ही रीत आजची नव्हे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘बीजगणित’ ग्रंथात हीच आहे: गुणकाचे जितके खंड, तितक्या वेळा गुण्य वेगवेगळं मांडायचं, एकेका खंडानं गुणायचं आणि बेरीज करायची.

चुका इथंही होतात, नाही म्हणत नाही. वजा ३ मधलं वजा पहिल्या पदाला लागतं आणि पुढच्या पदांना लागत नाही, मग शेवटी +१५ ऐवजी −१५ येतं. उपाय म्हणून दुसरा कंस सोडवताना प्रत्येक पदाआधी ‘−३ गुणिले’ तोंडानं म्हणायला लावायचं.

आणि दोन चल आले की तुमच्या चौकटीचा फायदा संपतो. (क्ष + २य)(३क्ष − य + ४) करून बघा. सरूप पदं (चल आणि घात सारखे असलेली) तिरक्या ओळीत येतात असं पोरांना सांगितलेलं असतं. इथं −क्षय आणि ६क्षय तिरके येतात, पण दुसऱ्या तिरक्या ओळीत ४क्ष आणि −२य² शेजारी बसतात. पोर त्यांचीही बेरीज करून टाकतं. उत्तर ३क्ष² + ५क्षय − २य² + ४क्ष + ८य, पाच पदं सुटीच राहतात.

निपाणी_ट्यूशन:
दोघांनीही उभी मांडणी सोडली, अंकांच्या गुणाकारासारखी एकाखाली एक ओळी लिहायची ती. एकाच चलाची लांब बहुपदी असेल तर तिच्याइतकी सुटसुटीत दुसरी नाही, कारण पोरांना अंकांचा गुणाकार येतोच. दोनच पथ्यं आहेत. एक, गळलेल्या घाताच्या जागी शून्य लिहायचं. (क्ष³ − २क्ष + ४)(क्ष² + ३) मध्ये पहिली ओळ क्ष³ + ०क्ष² − २क्ष + ४ अशी मांडली नाही, तर ४क्ष² जाऊन −६क्ष च्या खाली बसतं. बरोबर उत्तर क्ष⁵ + क्ष³ + ४क्ष² − ६क्ष + १२.

दुसरं पथ्य, हातचा नाही. रकान्यात १२ आले की सवयीनं २ लिहून १ पुढं नेणारी पोरं असतात. १२ क्ष चा १ क्ष² होत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

शहापूर_टीचर:
रीत कुठलीही घ्या, मला दिसणारी चूक निराळीच आहे. गुणताना सहगुणकांचा (चलाआधीच्या संख्यांचा) गुणाकार आणि घातांकांची बेरीज. सरूप पदं एकत्र करताना सहगुणकांची बेरीज आणि घातांक आहे तसाच. या दोन्हींची सरमिसळ होते. ३क्ष × ४क्ष चे ७क्ष² होतात आणि ८क्ष² − ३क्ष² चे ५क्ष⁴. दोन्ही कामं एकाच ओळीत करू देऊ नका.

पडताळाही सक्तीचा करा. बरेच जण क्ष = १ घालतात, पण १ चा कुठलाही घात १ च, त्यामुळं घातांकाची चूक त्यात सापडत नाही. २ घाला, नाहीतर १०. सगळ्यात पहिल्या (२क्ष − ३)(क्ष² + ४क्ष − ५) या उदाहरणात क्ष = १० घातलं तर १७ × १३५ = २२९५, आणि उत्तरात २००० + ५०० − २२० + १५ = २२९५.

शब्दांचंही बघा की. कन्नड पुस्तकात ‘बहुपदोक्ती’, दहावीनंतर पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) विज्ञान घेतलं की ‘पॉलिनोमियल’ आणि ‘कोइफिशंट’. फळ्यावर सहगुणकाशेजारी ‘कोइफिशंट’ हा शब्दही लिहावा, म्हणजे पोर तिथं अडणार नाही.

खानापूर_गणित:
टीचर, पडताळ्याचं शंभर टक्के मान्य. टिळकवाडीकर सर, दोन चलांचंही मान्य, तिथं तुमचीच रीत. पण दहावीत वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना चौकट उलटी चालते, त्याचं काय? ६क्ष² + ७क्ष − २० मध्ये मधलं पद १५क्ष आणि −८क्ष असं का फोडायचं? कारण (२क्ष + ५)(३क्ष − ४) च्या चौकटीत समोरासमोरच्या कोपऱ्यांचे गुणाकार सारखे येतात: १५क्ष × −८क्ष आणि ६क्ष² × −२०, दोन्ही −१२०क्ष². चौकट न पाहिलेलं पोर ही नुसती युक्ती म्हणून पाठ करतं.

टिळकवाडी_दहावी:
अवयवांचा मुद्दा चांगला आहे, तो मी घेतो. माझी मुख्य अडचण मात्र तशीच आहे. चौकट म्हणजे क्षेत्रफळ असं तुम्ही गुंठ्यावरून दाखवलंत. मग −३ लांबीची बाजू कशी काढणार?

खानापूर_गणित:
बाजू वजा नसते, कापून टाकलेली असते. ३० बाय ४० फुटांची साइट (प्लॉट) घ्या, चारी बाजूंनी क्ष फूट मोकळं सोडायचं. बांधकामाला उरतं (३० − २क्ष)(४० − २क्ष). इथं पोरं आधी (३० − क्ष)(४० − क्ष) लिहितात, कारण पट्टी दोन्हीकडून जाते हे ध्यानात येत नाही. आता विस्तार: १२०० − ६०क्ष − ८०क्ष + ४क्ष². ४० फुटी दोन पट्ट्या गेल्या, ३० फुटी दोन पट्ट्या गेल्या, पण चार कोपरे दोनदा वजा झाले. एकदा परत द्यायला हवेत, तेच +४क्ष². क्ष = ३ असेल तर १२०० − ४२० + ३६ = ८१६, आणि थेट २४ × ३४ सुद्धा ८१६. वजा गुणिले वजा अधिक का, ते या चार कोपऱ्यांत दिसतं.