कॉस्च्यूम क्वेस्ट: लढाया सोप्या आहेत म्हणून आरपीजी कच्चा ठरतो का?

गच्चीवरचा_पतंग
नऊ वर्षांच्या भाचीला शेजारी बसवून गेल्या आठवड्यात 'कॉस्च्यूम क्वेस्ट' पुन्हा पूर्ण केला. डबल फाइन कंपनीचा हा छोटा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र घेऊन त्याच्या गोष्टीतून पुढे जायचा खेळ) ऑक्टोबर २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, वर्षभराने पीसीवर. रेन आणि रेनॉल्ड ही जुळी भावंडं नव्या वस्तीत राहायला आलेली. हॅलोविनच्या संध्याकाळी, म्हणजे मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागतात त्या सणाला, ओळखी व्हाव्यात म्हणून त्यांना बाहेर पिटाळलं जातं. दोघांपैकी एकाला आपण निवडायचं. दुसऱ्याने कँडी कॉर्नचं सोंग घेतलेलं असतं, म्हणजे मक्याच्या दाण्यासारखी पांढरी-नारिंगी-पिवळी गोळी. गावातली कँडी चोरत फिरणारा राक्षस त्याला भली मोठी कँडी समजतो आणि उचलून नेतो.

गेमवर नेहमीची तक्रार अशी की लढाया फार सोप्या आहेत. मला हे पटत नाही. अंगावर पुठ्ठ्याची खोकी चढवलेलं पोरगं लढाई सुरू होताच इमारतीएवढा रोबो होतं. फ्रेंच फ्राइजचं सोंग घेतलेलं पोर काहीतरी भयंकर बनतं. सोंग घेतलेल्या मुलाला मनात जे दिसत असतं, तेच पडद्यावर येतं. अशा खेळात मुलाला दहादा हरवलं, तर त्याचं सोंग खोटं होतं. लढाया सोप्या ठेवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे असं माझं ठाम मत आहे.

रात्रपाळी
कल्पनेबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'आरपीजी' या शब्दाबद्दल. आरपीजीत खेळणाऱ्याने निर्णय घ्यायचा असतो, आणि त्या निर्णयाची किंमत मोजायची असते. इथे प्रत्येक पात्राला एक साधा हल्ला, आणि दोन-तीन डाव झाले की एक खास हल्ला. योग्य क्षणी बटण दाबलं की मार जास्त बसतो. कँडी देऊन विकत घेतलेले स्टँप (सोंगाला जादा ताकद देणारे शिक्के) थोडीफार भर घालतात, बस्स. लढाई संपली की सगळ्यांची तब्येत आपोआप पूर्ववत! मग मागच्या लढाईत मी चांगला खेळलो की वाईट, याला अर्थ काय उरला? ऑबर्न पाइन्स या पहिल्या वस्तीत मजा आली. पुढच्या टप्प्यात, मॉलमध्ये पोचेपर्यंत हात आपोआप चालत होते.

मुलांचा खेळ आहे म्हणून हे चालतं, हा युक्तिवाद तर मला मुळीच मान्य नाही. आमच्या लहानपणी आजोबा पत्त्यांत मुद्दाम हरायचे नाहीत. म्हणून तर एकदा खरोखर जिंकलो तो दिवस अजून लक्षात आहे.

सातासमुद्रापारची
मी न्यू जर्सीत राहते, दोन मुलांची आई. दर ३१ ऑक्टोबरला मुलांच्या मागे बॅटरी घेऊन फिरते, म्हणून एक मुद्दा मांडते. गेमचा खरा थरार लढाईत नाही, दारात आहे. वस्तीतलं प्रत्येक घर ठोठवायचं. दार उघडलं की एकतर कोणी मोठं माणूस मूठभर कँडी देतं, नाहीतर राक्षस उभा! अनोळखी दारासमोर लहान मूल क्षणभर थबकतं, तो क्षण यांनी अगदी नेमका पकडलाय. माझा धाकटा प्रत्येक दारापुढे माझा हात घट्ट धरायचा, खेळतानाही आणि खऱ्या गल्लीतही.

फक्त एक अडचण. गेममध्ये संवादांना आवाज नाही, सगळं वाचायचं. वाचता न येणाऱ्या मुलाला तो एकट्याने खेळता येणार नाही. म्हणजे विनोद वाचून दाखवायला शेजारी कोणीतरी हवंच. ही उणीव आहे की सोय, हे ज्याच्या त्याच्या घरावर.

रात्रपाळी
दाराचा मुद्दा मान्य. पण हा गेम उभा कसा राहिला तेही बघा. 'अ‍ॅम्नेशिया फोर्टनाइट' नावाच्या उपक्रमात डबल फाइनमधली माणसं छोटे गट करून दोन आठवड्यांत गेमचे नमुने बनवतात. त्यातल्याच एका नमुन्याचा पुढे हा गेम झाला. त्याचं नेतृत्व पूर्वी पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशनपट कंपनीत अ‍ॅनिमेटर असलेल्या टाशा हॅरिस यांनी केलं. सोंगांचं रूप पालटतानाची चित्रं अप्रतिम आहेत, तिथे त्यांचा हात दिसतो. लढाईची व्यवस्था मात्र नमुन्यापुढे फारशी सरकलीच नाही असं खेळताना वाटतं. चित्रांवर जीव ओतला तेवढा डावपेचांवरही ओतायला हवा होता.

गच्चीवरचा_पतंग
@रात्रपाळी, डावपेच लढाईबाहेर आहेत. रोबोच्या बुटांनी भरधाव सुटता येतं, सरदाराची ढाल वरून पडणारं पाणी अडवते, अंतराळवीर अंधारात उजेड पाडतो. कुठे कोणतं सोंग घ्यायचं हे मुलाने ओळखायचं. भाचीने ढालीचा उपयोग स्वतः शोधला तेव्हा ती खुर्चीत उभी राहिली होती.

आणि तब्येत आपोआप भरण्याबद्दल म्हणाल, तर दुसरा भाग पाहा. २०१४ च्या 'कॉस्च्यूम क्वेस्ट २' मध्ये ती भरत नाही, त्यासाठी कारंज्यापाशी जावं लागतं. मला तर तिथे नुसत्या खेपा वाढल्यासारख्या वाटल्या. राक्षस बाजूला राहिला आणि मी पाणी भरत बसलो.

रात्रपाळी
खेपा वाढल्या हे खरं, पण पुढची लढाई आत्ता घ्यावी की नको, हा विचार तिथे पहिल्यांदा करावा लागला. मला तेच हवं होतं. आणि त्याच भागात कँडी कॉर्नचं सोंग घालून लढाईत उतरलात तर ते काहीही करत नाही, नुसतं उभं राहतं. ते बरोबर घेऊन जिंकायचं म्हणजे उरलेल्या दोघांचं नीट गणित मांडावं लागतं. आव्हान हवं असेल त्याने हे सोंग घ्यावं, नको असेल त्याने दुसरं. अवघड काय आणि सोपं काय, हे खेळणाऱ्याने सोंगातून ठरवायचं. पहिल्या भागात एवढं जरी असतं, तरी मी हा वाद घातला नसता.

सातासमुद्रापारची
हे मला माहीत नव्हतं. मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे, पहिला भाग तिला आता 'बाळांचा' वाटतो. या शनिवारी दुसरा भाग लावते आणि कँडी कॉर्न तिच्याच गळ्यात घालते. धाकटा वाचून दाखव म्हणून मागे लागेलच, तर तेही काम तिच्याकडेच देणार आहे.